१८५४ : मराठी ख्रिस्ती मंडळी आणि इंग्रजीच्या शिक्षणाचा प्रश्न

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक लहानसा प्रसंग आहे. यरुशलेमेत दंगल उसळली आहे आणि शिपाई पौलाला बांधून गडाकडे नेत आहेत. पायऱ्यांपाशी येताच पौल पलटणीच्या सरदाराशी हेल्लेणी भाषेत बोलतो. सरदाराला आश्चर्य वाटते, कारण हा कोणी मिसरी बंडखोर असावा अशी त्याची समजूत झालेली असते. त्या भाषेमुळे पौलाला बोलण्याची परवानगी मिळते. परवानगी मिळताच तो लोकांकडे वळतो आणि इब्री भाषेत बोलू लागतो. आपली भाषा कानी पडताच जमाव अधिकच शांत होतो.

सत्तेशी बोलावयाची भाषा एक आणि स्वजनांशी बोलावयाची भाषा दुसरी, अशी ही स्थिती आहे. पौलाला दोन्ही भाषा येत होत्या, आणि एकीमुळे दुसरी उणी झाली नव्हती. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात हाच प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. आपल्या माणसांना इंग्रजी शिकवावी की न शिकवावी? शिकविल्यास ती आपल्यापासून तुटतील काय? न शिकविल्यास ती कायमची मागे राहतील काय? या प्रश्नांची उत्तरे ज्या वर्षी एकमेकांसमोर उभी ठाकली, त्या १८५४ सालाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिकविणारे आधी शिकणारे होते

आपल्या प्रांतात इंग्रजी शिकविणाऱ्या मिशनऱ्यांचा इतिहास सांगताना एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. ही माणसे शिक्षक होण्यापूर्वी विद्यार्थी होती. विल्यम केरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध केले, त्या कामी त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला आणि १८११ साली श्रीरामपूरहून मराठी नवा करार बाहेर पडला. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये बसून एका परक्याने मराठी पंडितापुढे पाटी धरली, तेव्हा हे कार्य सिद्धीस गेले.

१८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईत उतरले. त्यांचाही पहिला उद्योग मराठी शिकण्याचाच होता. त्यांनी प्रथम ज्या शाळा काढल्या त्या मराठी शाळा होत. नवख्या माणसाला परकी भाषा आत्मसात करताना किती लाज गिळावी लागते, किती वेळा हास्यास्पद व्हावे लागते, हे त्या पिढीने स्वतः अनुभवले होते. पुढे इंग्रजीचे वर्ग भरू लागले तेव्हा या अनुभवाची स्मृती किती जणांनी जागी ठेवली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

इंग्रजी शाळांचा उदय

इंग्रजीच्या बाजूने वारे वाहू लागले ते १८३० नंतर. त्या वर्षी अलेक्झांडर डफ यांनी कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून पाश्चात्त्य विद्या व ख्रिस्ती धर्म शिकविल्यास तो प्रभाव हळूहळू खालच्या थरांपर्यंत झिरपेल, अशी त्यांची धारणा होती. मुंबईत जॉन विल्सन यांची शाळा १८३२ साली सुरू झाली. पुढे तिच्यातूनच विल्सन कॉलेज उदयास आले. विल्सन स्वतः मराठीचे व्यासंगी होते व देशी भाषांचे महत्त्व जाणून होते, परंतु शहरातील तरुणांची इंग्रजीची ओढ त्यांना दिसत होती. त्याच १८३२ सालच्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे पत्र इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत काढले. एकाच पृष्ठावर दोन भाषा शेजारी शेजारी नांदू शकतात, हे मराठी वाचकाने तेव्हा प्रथम पाहिले.

१८३५ साली मेकॉले यांचे टिपण आले आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. मुंबई इलाख्यात मात्र हा निर्णय निमूटपणे मान्य झाला नाही. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा आग्रह धरला, तेव्हा त्याच मंडळातील जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू उचलून धरली. एक इंग्रज लष्करी अधिकारी मराठीच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या वादात एका बाजूला परके व दुसऱ्या बाजूला स्वकीय अशी सोपी विभागणी कधीच नव्हती.

एकाच वर्षातील चार घटना

आता १८५४ सालाकडे वळू. त्या एका वर्षात चार अशा घटना घडल्या की ज्यांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता, परंतु ज्या एकत्र वाचल्याखेरीज आपल्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होत नाही.

पहिली घटना म्हणजे १९ जुलै १८५४ चा वुड यांचा खलिता. उच्च शिक्षणासाठी इंग्रजी व बहुजनांच्या शिक्षणासाठी देशी भाषा, असे धोरण त्याने आखले. खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची व विद्यापीठे स्थापन करण्याची तरतूद त्यात होती. त्यानुसार १८५७ साली मुंबई विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेचा रस्ता इंग्रजीतून जाऊ लागला.

दुसरी घटना बेळगावची. लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य तेथे १८२० पासून चालू होते. तेथेच १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढे मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात गेले, आणि १८५४ च्या सप्टेंबरात बेळगावी परत येऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तिसरी घटना पुण्याची. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी शिकण्याचा उपदेश आहे, आणि इंग्रजीला शूद्रातिशूद्रांची माउली मानणारी कविताही आहे. ज्यांना शतकानुशतके कोणतीच विद्या मिळाली नव्हती त्यांच्या दृष्टीने ही नवी भाषा संकट नव्हती. ती वंशपरंपरेने कोणाच्याच मालकीची नव्हती, आणि म्हणूनच ती त्यांना आपलीशी वाटली.

चौथी घटना अहमदनगरची. वर्षाच्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन व त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन हे बोस्टनहून येऊन पोचले. मराठी मिशनच्या कार्याची त्यांनी तपासणी केली, मिशनऱ्यांबरोबर दीर्घ विचारविनिमय केला, आणि त्यातून असे धोरण ठरले की मिशनचे शिक्षण यापुढे देशी भाषेतून असावे. मुंबई व अहमदनगर येथील इंग्रजी शिक्षणाचे काम त्यानंतर बंद झाले.

म्हणजे सरकार ज्या वर्षी इंग्रजीच्या शिडीला अनुदान देऊ लागले, आणि पुण्याची एक शिक्षिका ज्या वर्षी आपल्या लोकांना त्या शिडीवर चढण्यास सांगत होती, त्याच वर्षी मिशनने ती शिडी भिंतीपासून काढून घेतली.

अँडरसन यांची बाजू

अँडरसन यांना दोष देणे सोपे आहे, परंतु त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय. मिशनचे प्रयोजन सुसंस्कृत करणे हे नसून स्वावलंबी, स्वशासित व स्वतः सुवार्ता पसरविणारी स्थानिक मंडळी उभी करणे हे आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. ज्या मंडळीचा पाळक आपल्या लोकांच्या भाषेत विचार करीत नाही ती मंडळी कधीही स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, हे त्यांचे मत आजही खोडून काढता येणार नाही. अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती याच १८५४ साली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

अनुभवही त्यांच्या बाजूस होता. इंग्रजी शाळांत येणारे बहुतेक तरुण भाषा पदरात पडताच सरकारी कचेऱ्यांत वा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर नोकरी धरीत. शाळांवर खर्च मोठा होई, पण मंडळीत येणारे थोडे असत. सिलोनमधील जाफना भागात अमेरिकन मिशनने १८२३ पासून चालविलेली बट्टिकोटा सेमिनरी विद्वत्तेबद्दल नावाजलेली होती, तरी तीही १८५५ साली याच कारणास्तव बंद करण्यात आली. उलट देशी भाषेवर भर देऊन खेड्यांकडे वळलेल्या मराठी मिशनच्या मंडळ्या नगर जिल्ह्यात पुढील काळात वाढत गेल्या, हेही नाकारता येत नाही.

निर्णयाचे दुसरे अंग

मग चूक कोठे झाली? माझ्या मते ती दोन ठिकाणी झाली.

पहिली चूक निर्णय करण्याच्या रीतीत होती. मराठी मंडळीने कोणती भाषा शिकावी याचा विचार परदेशाहून आलेल्या अधिकाऱ्यांनी व मिशनऱ्यांनी केला, आणि तो विचारविनिमय इंग्रजीतच झाला. खुद्द अमेरिकेतही या रीतीविषयी कुरबुर झाली, आणि १८५६ च्या मार्चमध्ये बोर्डाला आल्बनी येथे विशेष सभा बोलवावी लागली. स्वशासनाचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाने तो सिद्धांत ज्यांच्यासाठी मांडला त्यांनाच निर्णयात भागीदार करू नये, ही विसंगती आपल्या नजरेतून सुटू नये.

दुसरी चूक अधिक खोल होती. इंग्रजी शिकलेला माणूस मराठीला व मंडळीला मुकणारच, असे गृहीत धरण्यात आले. एक भाषा आली की दुसरी गेली, जणू मनुष्याच्या मुखात एकाच भाषेला जागा आहे! वस्तुतः भाषा बदलणे ही एक गोष्ट आहे आणि भाषा जोडणे ही दुसरी. ज्या शाळेत मराठी हलकी मानली जाते तेथे इंग्रजी शिकणारा मराठीपासून तुटतो, यात नवल नाही. परंतु तो दोष शिकविण्याच्या रीतीचा आहे, भाषेचा नव्हे.

या चुकीचा भार कोणी सोसला? मुंबई-पुण्याच्या संपन्न घरांतील मुलांना सरकारी व इतर शाळा उघड्याच होत्या. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत येणारे लोक मुख्यत्वे महार व मांग समाजांतील होते. त्यांच्या मुलांना मिशनच्या शाळेखेरीज दुसरे दार नव्हते. मराठी प्राथमिक शिक्षण त्यांना लाभले, आणि ते थोडे नव्हते. परंतु प्रवेशपरीक्षा, कचेरी, न्यायालय, वैद्यकी या साऱ्यांची वाट ज्या भाषेतून जाई ती त्यांच्यापासून दूर राहिली. पुढे १८८० नंतरच्या दशकात मिशनने अहमदनगरात हायस्कूलचे शिक्षण पुन्हा हाती घेतले, परंतु मधली पिढी परत येत नाही.

तीन साक्षी

भाषा जोडता येते, याचे पुरावे शोधण्यास दूर जावयास नको. पहिली साक्ष बाबा पदमनजींची. इंग्रजी शाळेतून आलेला हा बेळगावचा तरुण मराठीपासून तुटला नाही. १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले आणि मराठी कादंबरीचा आरंभ झाला. मोल्सवर्थ यांच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी १८६३ साली सिद्ध केली. ज्याला दोन्ही भाषा येतात त्यानेच मागून येणाऱ्यांसाठी पूल बांधावा, हा त्या कोशाचा अर्थ होय.

दुसरी साक्ष मंडळीबाहेरची आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. अहमदनगरास मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'चा ग्रंथ मराठीत आहे, पण तिची एक प्रस्तावना इंग्रजीत आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकरी व अतिशूद्र यांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडताना त्यांनी आपले निवेदन इंग्रजीत सादर केले. राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत आणि लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणे ही पौलाने गडाच्या पायऱ्यांवर अनुसरलेलीच रीत होय.

तिसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने १८८२ च्या सुमारास पुण्यात इंग्रजीचे धडे घेण्यास प्रारंभ केला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथे त्या इंग्रजी शिकत आणि हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवीत. एकाच छपराखाली प्रत्येक जण शिक्षकही होता आणि विद्यार्थीही. नवागताला भाषा शिकविण्याची याहून सन्माननीय व्यवस्था कल्पिणे कठीण आहे. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले व स्वतः अध्ययन केले.

दोन-तीन वर्षांतच रमाबाई त्या नव्या भाषेत त्रैक्याच्या सिद्धांताविषयी व मंडळीच्या अधिकाराविषयी आपल्या हितचिंतकांशी वाद घालू लागल्या. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हे स्पष्ट दिसते. ज्यांनी भाषा दिली त्यांना त्या भाषेतून केवळ आज्ञापालन अपेक्षित असेल, तर त्यांना धक्का बसणे स्वाभाविक होते. परंतु भाषा खऱ्या अर्थाने मिळाली याची खूण हीच, की तिच्यातून 'नाही' म्हणता येते. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती अमेरिकन वाचकांना इंग्रजीत सांगितली आणि १८८९ साली अमेरिकेची लोकस्थिती मराठी वाचकांना मराठीत सांगितली. अखेरीस त्यांनी इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले व त्यानंतर ते संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडले. जोडलेल्या प्रत्येक भाषेचे फळ शेवटी मराठीच्या ओटीत पडले.

आजच्या मंडळीसाठी

हा वाद संपलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केली. गोव्यात १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमापुरते राहिले, आणि २०११ साली इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला. या दोन्ही वेळी ख्रिस्ती पालक व शाळा चर्चेच्या केंद्रस्थानी होत्या. बेळगावच्या मराठी मुलाला कन्नड शिकावी लागते, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदी, हैदराबादच्या मुलाला तेलुगू. त्यांच्या बाबतीत इंग्रजी ही दुसरी भाषा नसून तिसरी किंवा चौथी आहे. भाषा जोडण्याची कला त्यांच्या घरात आधीच आहे. शिक्षकाने तिची दखल घेतली पाहिजे.

आपल्या सेमिनरींपुढे तर हा प्रश्न रोजचाच आहे. खेड्यातील मराठी शाळेतून आलेला उमेदवार प्रार्थना करतो, उपदेश करतो, घरोघरी जाऊन दुःखितांचे सांत्वन करतो. परंतु ईश्वरविज्ञानाचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत असल्याने तो वर्गात मुका होतो. शास्ते ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात गिलादी लोकांनी यार्देनेच्या उतारावर एका शब्दाच्या उच्चारावरून माणसे पारखली. ज्यांना 'शिब्बोलेथ' म्हणता आले नाही त्यांना तेथेच कापून काढण्यात आले. आपल्या परीक्षा, आपल्या मुलाखती व आपले हसणे यांतून इंग्रजीचा असाच शिब्बोलेथ होत नाही ना, हे आपण प्रामाणिकपणे तपासावे.

यावर इंग्रजी काढून टाकावी हा उपाय नव्हे, कारण तो १८५४ साली करून पाहिला गेला आहे. मराठी काढून टाकावी हा त्याहून मोठा अनर्थ होईल. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्राच्या काळी नियमशास्त्राचे वाचन झाले, तेव्हा लेव्यांनी लोकांना अर्थ फोड करून सांगितला. आपल्याकडेही तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या मराठीच्या हाताला धरून इंग्रजी शिकल्या. ही रीत पुढे जुनाट ठरविली गेली. प्रत्यक्ष संभाषणाचा सराव तिच्यात कमी होता, हे खरेच. परंतु शिकणाऱ्याला येत असलेल्या भाषेचा आधार घेऊन पुढे जावे, हे तिचे तत्त्व प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत आजही उपयोगी आहे.

तेव्हा सेमिनरीतील इंग्रजीचा शिक्षक उत्तम मराठी जाणणारा असावा. इंग्रजी ग्रंथावरील चर्चा मराठीतून करण्यास विद्यार्थ्याला संकोच वाटू नये. प्रत्येक पदवीधराने शिकलेल्या इंग्रजी ग्रंथांपैकी एकाचा तरी सारांश आपल्या मंडळीसाठी मराठीत लिहून द्यावा. आणि ज्याला इंग्रजी शिकावयाची आहे त्याला, तो कोणत्याही गावचा वा समाजाचा असो, ती नाकारण्याचा अधिकार आपण स्वतःकडे घेऊ नये.

पौलाने पायऱ्यांवर सरदाराकडे परवानगी मागितली ती स्वतः सुटून जाण्यासाठी नव्हे. त्याला लोकांकडे वळून बोलावयाचे होते. आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी देताना ती कशासाठी देत आहोत, याचे उत्तर याच प्रसंगात आहे.